दिल्लीहून दोन तास

१० जाने. ७६, सांगली
व.चं पत्र, दिल्लीहून. संक्रांतीला येत नाही. 'दोन रात्री गाडीत काढायच्या, एक दिवस घरी. तूच सांग.' कंपनीचं क्वार्टर मिळालं की मला नेणार. हे वाक्य अडीच वर्षं तसंच आहे. फक्त शाई बदलते.

१२ जाने.
स्टाफरूममध्ये भूगोलाच्या पाटणकरबाईंनी नकाशावर दोरा धरून दाखवला. दिल्ली-मुंबई, सरळ रेषेत अकराशे-साडेअकराशे किलोमीटर. विमानाला दोन तास. 'तुझ्या सातारा एस.टी.च्या आधी पोचेल,' म्हणाल्या. दोघी हसलो. विमान आपल्यासाठी नसतं.

१४ जाने., सातारा
न कळवता आले. सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) एकट्याच सण करणार, म्हणून. पहिली गाडी, साडेतीन तास.

लांबून कुणी आलं की आत्या उंबऱ्याबाहेर थांबवतात, भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मगच आत घेतात. मलाही दर खेपेला. आज पायरीशी तुकडा आधीच पडलेला. अजून ओला.

आत्या दारात आल्या. हात रिकामे. कोण आलंय, विचारलं. शेजारच्यांचा पाहुणा, म्हणाल्या. शेजारच्यांचा तुकडा आपल्या पायरीवर? मी चपला काढल्या. मग बाजूला झाल्या.

व. मधल्या खोलीत झोपला होता. पालथा, नेहमीसारखा. खुंटीला कोट.

आत्यांनी चुलीपाशी हळू आवाजात सांगितलं. दर दोन-तीन महिन्यांनी कंपनीच्या कामाला मुंबईत येतो. विमानानं. तिथून रात्रीच्या एस.टी.नं इथं, एक दिवस. तिला कळवू नकोस, म्हणतो.

'का ते?'

'इचारलं न्हाई. इचारलं आन् यायचाच बंद झाला, तर गं?'

उठवलं नाही. मी आले होते हे सांगू नका, म्हटलं.

'त्यो बी म्हनतो गप ऱ्हा, तू बी. आन् आज तिळगूळ वाटायचा.'

दुपारच्या गाडीनं परत. तिळगुळाचा डबा पिशवीतच राहिला.

१५ जाने., सांगली
अडीच वर्षं आत्या माझ्याशेजारी बसून त्याची वाट बघायच्या. त्याचं नाव निघालं की डोळ्यांना पदर. ते खरं असेल. तरी

२२ जाने.
व.चं पत्र. दिल्लीचा शिक्का. सणाला फार आठवण झाली म्हणे. 'एवढं अंतर नसतं तर.'
उत्तर लिहायला बसले. पहिल्याच पानात 'अंतर' चार वेळा आलं. फाडलं.

३ मार्च
आत्यांचं पोस्टकार्ड. अक्षर शेजारच्या मास्तरांचं, शब्द त्यांचेच.
'शनवारी सकाळी तुकडा ओवाळायचाय. येकच करू का दोन?'

मास्तरांना काय समजलं असेल कोण जाणे.

शनिवारी सकाळची शाळा. रजेचा अर्ज लिहिला. दिलेला नाही.