ह्यांच्या बाटल्या आणि ती खिंड

१२ एप्रिल, रवि. निलंगा

ठरलं! मेअखेर परत हिमाचल, परत तीच खिंड.

गेल्या साली शेवटच्या तळावरून माघारी आलो ते माझ्यामुळं. उलट्या, डोकं फुटायलं, उभं राहवंना. हे धडधाकट होते, वर जाऊ शकले असते. पण माझी पिशवी छातीवर, स्वतःची पाठीवर, असे मुकाट माझ्यासंग खाली उतरले. वर्षभर त्यावर एक शब्द न्हाई. आज चहा पिता पिता म्हणाले, "बाई, यंदा जायचं ना?" शाळेत मी बाई, म्हणून घरात पण बाईच. मी हाव म्हणायच्या आधीच बूट उन्हात टाकून झाले होते. लबाड माणूस!

जाऊबाईंना म्हशीचं बघा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "वर देव हाय का कोणता?" म्हणलं, न्हाई. "मग कामून मरायलाव तिकडं?" खिंडीपलीकडची दरी दोघांनी बघायची हाय, एवढंच. एकट्यानं न्हाई.

१५ एप्रिल, बुध.

रोज सकाळी शिरूर अनंतपाळच्या रस्त्यानं चालायलोत. वजनाची सवय व्हावी म्हणून पिशव्यांत सोयाबीनचं बियाणं. दूधवाला पहिल्या दिवशी थांबला, "गाडी चुकली का काका? बसा." दुसऱ्या दिवशी पण थांबला. आज नुसता बघून मान हलवली न् गेला. वाया गेलेली केस.

२६ एप्रिल, रवि. माहूर

पिशव्यांसकट गड चढलो. लोकांना वाटलं नवस. एका म्हातारीनं ह्यांच्या पिशवीला हळदीकुंकू लावलं, वर पाया पडली. आत बियाणं! हे एकदम गंभीर तोंड करून, "माय, आत काय हाय विचारू नका." मी पायरीवर बसून पोट धरून हसले. रेणुकामातेपुढं पण हसू आवरंना. तिला काय, ती सगळं बघतच होती.

उतरताना ह्यांचा डावा गुडघा कटकन वाजला. "काय न्हाई." येष्टीत मी झोपले असं समजून चोळत बसले होते. मी काय झोपतीय.

२४ मे, रवि. नांदेड स्टेशन

अमृतसरची गाडी. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे. हे आल्या आल्या नळावर. एक बाटली, दुसरी, तिसरी... म्हणलं, "अव, गाडीत मिळतं पाणी."

"मिळंल तवा मिळंल."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली आमची विहीर पण तळाला गेली होती. तवापासून हा माणूस वाहता नळ बघून पुढं जाऊ शकत न्हाई. लग्नाच्या मांडवात पण आधी हौद बघतो, मग नवरदेव.

२९ मे, शुक्र.

चालायला लागलो! गेल्या सालचाच गाईड, प्रेमसिंग. मला बघून हसला, "मॅडमजी, इस बार पक्का?" पक्का.

देवदाराची झाडं, वास, खाली नदी. डोकं अजिबात दुखत न्हाई, भूक तर राक्षसासारखी. हे प्रत्येक ओढ्याला थांबतात. वाकायचं, ओंजळभर प्यायचं, तोंडावर मारायचं, मग माझ्याकडं बघून, "इवढं पाणी! अन् वापरायला कुणी न्हाई!" एकदा तर शर्ट काढून आतच बसले. जी बोंब मारली! प्रेमसिंग वरून पळत आला. मी हसू का ह्यांना ओढू. लई दिवसांनी असे दोघंच. फोनला रेंज न्हाई, जिवाला फिकीर न्हाई.

३१ मे, रवि.

मेंढपाळांच्या तळाशेजारी तंबू. त्यांच्यातल्या एका बाईला शेंगाची चटणी दिली. चाटली, डोळ्यांतून पाणी, परत हात पुढं. बकरीचं दूध दिलं तिनं. ह्यांची हिंदी चालू: "हमारे उधर पाणी का लई हाल हाय, भैय्या, पूछो नक्को." त्या लोकांना काय कळलं देव जाणे, पण सगळे मिळून हसले.

आज चढताना हे माझ्या मागं पडले. हे! शेतात ह्यांच्यामागं पळावं लागतं मला.

१ जून, सोम.

आज भांडण. कडाक्याचं.

दुपारी हे दगडावर टेकले, तर म्हणलं आणा तुमची पिशवी जरा वेळ मी घेते. उचलंना! उघडली. कपड्यांच्या खाली पाच बाटल्या. काठोकाठ. रोज सकाळी भरून, रोज डोंगर चढवून, रोज संध्याकाळी तशाच्या तशा.

"अव, हा काय बाजूनं ओढा वाहायलाय! दिसत न्हाई का?"

"आज वाहायलाय. उद्याचं काय?"

"हजारो वर्षं वाहायलाय तो!"

"आपली मांजरा नदी पण वाहायची."

बोलताना ह्यांचा हात डाव्या गुडघ्यावर. पँट वर करायला लावली. गुडघा सुजून कवठाएवढा. चार दिवस दाबून चाललेत. मी रडले, चिडून. इतकं वजन गुडघ्यावर, तेही पाण्याचं, तेही इथं! गाढवपणा. तोंडावर बोलले. "हाव," म्हणाले, "हायच मी गाढव." मग दोघं हसलो. पण बाटल्या काही टाकल्या न्हाईत.

२ जून, मंगळ. शेवटचा तळ

तीच जागा. गेल्या साली मी ज्या दगडामागं उलट्या केल्या तो दगड पण हाय. त्याला नमस्कार केला.

मी ठणठणीत. ह्यांचा गुडघा गरम पाण्यानं शेकला, पट्टी बांधली. सूज जरा उतरली. प्रेमसिंगनं आभाळ बघून सांगितलं, उद्या उघडीप हाय, परवापासून बर्फ. म्हणजे उद्याच. मला म्हणाला, "आप चलो, साहब यहीं रुकेंगे."

हे लगेच, "हाव, जा तू. मी चहा करून ठेवतो."

म्हणलं, गेल्या साली तुम्ही गेलाव का?

"तवाची गोष्ट येगळी. वर जाऊन फोटो कुणाचा काढणार होतो मी?"

मी तंबूबाहेर निघून गेले. तिथं उभं राहून खिंड बघितली. इतकी जवळ दिसते, हात लांबवला तर लागंल. जाऊ वाटतं. लई जाऊ वाटतं. खोटं कशाला लिहू. मेल्यावर परत येणं न्हाई इकडं, पुढच्या साली ह्यांचा गुडघा कसा असंल कुणाला ठाऊक.

परत आले तर हे बाटल्या रिकाम्या करायले होते. सरळ ओतून द्यायच्या? न्हाई! दगडांमधी एक खुरटं झुडूप होतं, त्याच्या बुडाला आळं केलं होतं हातानं, अन् त्यात हळूहळू, जिरू देत देत, एकेक बाटली. आजूबाजूला सगळं बर्फ वितळून चिखल. शेजारी बसले. शेवटची बाटली मला दिली, "घे, तू घाल."

३ जून, बुध. उजाडताना

आभाळ स्वच्छ. हे तंबूभोवती चालून दाखवायलेत. लंगडत न्हाईत, किंवा लंगडू नये म्हणून दात खाऊन चाललेत. प्रेमसिंग म्हणतो, बर्फाच्या काठापर्यंत चलू, तिथं गुडघा बघून ठरवू. मी त्याला सांगून टाकलं, काय ते ठरव, पण दोघांचं मिळून ठरव. वर तर दोघं, खाली तर दोघं. हे म्हणाले, "लई हट्टी बाई हाय." प्रेमसिंगला मराठी येत न्हाई तरी मान डोलावली.

ह्यांची पिशवी उचलून बघितली. एकच बाटली. शाब्बास!

बूट बांधायलेत, तवर मी ओढ्यावर तोंड धुवायला गेले. काठाला बर्फ, मधून बारीक धार. माझ्या हातात ह्यांचीच एक रिकामी बाटली होती. भरली. मग माझ्या पिशवीतून दुसरी काढली, ती पण भरली. वर दोघांना लागंल.

ह्यांना सांगितलेलं न्हाई. हाक मारायलेत, निघते.