तिसऱ्या कोठीतले बासष्ट किलो

५ ऑगस्ट
चिमूरजवळच्या राईस मिलमध्ये आज रुजू झाले. खोली हवेशीर, मेसचं जेवण फुकट. ऑफिसच्या दारातच वजनकाटा आहे, त्यावर हौसेनं उभी राहिले. चोपन्न! मॅनेजर गुणवंतराव हसून म्हणाले की मेसचा भात खाऊन महिन्यात साठ व्हाल. काम माझ्या आवडीचं, कॉम्प्युटरमधल्या साफसफाईचं. काट्यावरचं आणि तांदळाच्या तिन्ही लोखंडी कोठ्यांचं वजन मिनिटामिनिटाला डेटाबेसमध्ये जातं. कोणी काय लिहिलं, काय पुसलं, याची चुगली लॉग फायलींत साठते. त्यांनीच डिस्क गच्च भरली आहे. आधी प्रत काढायची, ती उघडते का बघायची, मगच जुनं काढायचं. यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

६ ऑगस्ट
सर्व्हरच्या खोलीत पालीच्या लेंड्या, कीबोर्डात सोंडकिडे. शी! मेसच्या भातालाही कुबट, गोडसर वास. फाटकाशी बुधरीबाई रोज येऊन बसते. तिचा नवरा डोमा इथला हमाल, जूनपासून बेपत्ता. मलाही तिनं विचारलं, "माह्या माणसाले कुठी पाह्यलं का, बाई?" मी नाही म्हटलं.

८ ऑगस्ट
पुसण्याआधी लॉग चाळला. ११ जून, दुपारी ३.४०. तिसऱ्या कोठीचं वजन एकदम बासष्ट किलोंनी वाढलं. तेव्हा गाडी आली नव्हती, कोठीत तांदूळ टाकणारा पट्टाही बंद होता. ३.५२ ला गुणवंतरावांच्या नावानं ती नोंद पुसलेली. हमालांच्या आरोग्य तपासणीत डोमाचं वजन बासष्ट. मेसचा तांदूळ कुठला, असं स्वयंपाकिणीला विचारलं. तिसऱ्या कोठीतला. मोरीत जाऊन ओकले. चूळ भरली, पुन्हा ओकले.

९ ऑगस्ट
गुणवंतरावांनाच विचारलं. डोमा पाय घसरून आत पडला म्हणाले, कोठी उपसली असती तर मिलला टाळं लागलं असतं. "जुना कचरा पुसून टाका, बाई. कॉपी-बिपी काई ठेवू नका." कोठीत अजून जागा आहे, असंही हसत म्हणाले.
पुसलं. प्रत न काढता. माझीच मला किळस येते.

१० ऑगस्ट
लॉग रिकामा हवा होता. एकच ओळ आहे: ११ जून, बासष्ट. पुसली. परत आली. जेवले नाही, तरी दातांत काहीतरी वळवळतंय —

११ ऑगस्ट, सकाळ
नवी ओळ. तिसरी कोठी, बासष्टनं कमी. गाडी नाही, पट्टा बंद —
लगेच दुसरी. दारातला काटा: बासष्ट. काट्यावर कोणी नाही. नुसते ओले सोंडकिडे आणि तो गोडसर वास —

दुपार
बास. बुधरीबाईला सांगून टाकते, तिचा माणूस कुठे आहे ते. वही हातातच आहे. काट्यावरूनच जावं लागतं — पाय ठेवला.
एकशे सोळा.
चोपन्न मी. बाकीचे — मानेवर काहीतरी ओलं —
बुधरीबाई फाटकातून बघतेय. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून, मागे — ओळखलं तिनं — उठली, हात पुढे करून —