बाटली क्रमांक एक्केचाळीस

४ फेब्रुवारी
औषधाच्या चाचणीत घेतलं मला! पीसीओएस असलेल्या बायकांना दोन औषधं देऊन बघायची, स्त्रीबीज कशाने सुटतं ते. पाच महिने. माझी बाटली क्रमांक एक्केचाळीस. आत दोहोंतलं कुठलं, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही.

नवऱ्याची वीर्यतपासणी आधीच झाली. लाजाळू गडी, एकटा जाईना — धाकट्या भावाला सोबत नेलं! रिपोर्ट चोख. सासूबाईंनी तो कपाटात दागिन्यांपाशी ठेवलाय.

८ फेब्रुवारी
गोळीने अंगातून गरम वाफा. मी गाडी शिकवते. आज शेजारी बसून घामाघूम. शिकाऊ म्हणाला, "मॅडम, एवढी वाईट चालवतो का मी?" हो, चालवतो!

२० फेब्रुवारी
बीज सुटलं! सोनोग्राफीवाल्या ताईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. नऊ वर्षं 'हिच्यातच खोट' ऐकतेय. घरी येताना रस्त्यात हसत होते, लोक बघेनात का.

१० मे
तिसऱ्यांदा बीज सुटलं, तिसऱ्यांदा पाळी आली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचा रिपोर्ट कपाटात आहे. तुझा कुठाय?"

"माझे तीन आहेत. आणू?"

आणलेच! ताटाशेजारी मांडले. नवरा मान खाली घालून जेवत राहिला. एरवी माझी बाजू घेतो. आज नाही घेतली. मला त्याचा भयंकर राग आला.

१ जून
गोळी चालू. त्याच्याशी बोलणं बंद.

३ जुलै
पाच महिने संपले. पाचही वेळा बीज सुटलं, मूल नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यजमानांची तपासणी पुन्हा करू." तो खुर्चीवरून उठलाच. "एकदा झालीय ना!" आणि तडक बाहेर. मी मात्र शांतपणे सगळ्या कागदांवर सह्या करून आले.

५ जुलै
त्याने सांगितलं. डबीवर नाव त्याचं होतं, आतलं भावाचं. वयात येताना गालगुंड झालं होतं, त्याने पुढे मूल होत नाही म्हणतात; तेव्हापासून मनात भीती. रडला. मी नाही रडले. सासूबाई दारात उभ्या होत्या, सगळं ऐकलं त्यांनी.

दवाखान्यात मीच फोन केला. नर्स म्हणाली, "अहो, यजमानांचा रिपोर्टच खोटा, मग चाचणीतून तुमची नोंद बाद होईल कदाचित."

म्हटलं, "त्याची करा. माझं बीज पाच वेळा सुटलंय — त्यातलं एकही खोडायचं नाही."