पहिलं पाणी

ता. ४ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तू हौसेने माझी मुळी तुझ्या लॅबमध्ये तपासायला नेलीस, त्याचा अहवाल पोचला. पाठोपाठ आरोग्य खात्याचा माणूसही पोचला आणि त्याने माझी काढ्याची खोली सील केली. सांधे आखडलेले पंधरा रोगी दाराशी ताटकळून परत गेले. त्यातल्या पोस्टमनला तर जिनाही उतरवेना.

मुळी विषारी, उंदीर मेले, असं लिहिलंत. चाळीस वर्षं लोकांना देतेय, स्वतः पितेय, ती मी काय भूत होऊन हे पत्र लिहितेय? एवढंच कळव, पहिली उकळी आल्यावर ते पाणी फेकलंस का? डोकं फिरलंय, म्हणून ख्यालीखुशाली विचारत नाही. सर्दी गेली असेलच.

तुझी मावशी

ता. ११ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नाही फेकलं. ते ओतताना तू नेहमी ‘जा कडू, जा’ म्हणायचीस. मला ते मंत्रतंत्र वाटलं आणि लॅबच्या वहीत तसलं काही लिहायची लाज वाटली, म्हणून ती पायरीच गाळली. आता पाणी फेकून काढा केला, तर उंदीर ठणठणीत आहेत. विष सगळं पहिल्या पाण्यात उतरतं.

चूक माझी आणि कृती मावशीची, असं लॅबच्या साहेबांना लिहून दिलं. त्यांनी ते खोडून ‘आमच्या प्रयोगशाळेने शोधलेली पद्धत’ असं घातलं. मी भांडले, पण उपयोग झाला नाही. सील मात्र निघेल. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी भाची

ता. २३ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

सील निघालं. ‘जा कडू’ तुझ्यासाठीच होतं गं. पाच वर्षांची तू शेगडीपाशी लुडबुडायचीस, ते पाणी तोंडाला लावशील म्हणून म्हणायला लागले. पुढे तोंडात बसलं. त्याचा राग नाही.

राग निराळाच आहे. खात्याच्या त्या माणसाने तुझ्या साहेबांचा छापील कागद मला वाचून दाखवला आणि ‘सदर पद्धत मला शिकवण्यात आली’ याखाली सही मागितली. सही नाही तर खोली नाही म्हणाला. अंगाचा तिळपापड झाला, पण बाहेर रोगी उभे होते, म्हणून पेन घेतलं. कागदात दुसरं पाणी झाकण ठेवून उकळा असं होतं. तसं केलं तर उरलासुरला कडवटपणा आतच राहतो. मी ‘झाकण ठेवून’ खोडलं, ‘उघडं ठेवून’ लिहिलं आणि सही त्या दुरुस्तीखाली केली.

तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे.

मावशी