सांताविरुद्ध शिवारआबा

१ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोज पहाटे चालायला जायचं. आज थंडी होती, म्हणून उद्यापासून.

शाळेत मीटिंग. प्रिन्सिपल सायमा मॅडम म्हणाल्या, चोवीस तारखेला ख्रिसमस सेलिब्रेशन करू, सांता येईल, पोरांना चॉकलेट वाटेल, सर तुमची काही आयडिया? मी इतिहास शिकवतो. मी आयडिया देत नाही, पुरावे देतो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मूळचा हा तुर्कस्तानच्या बाजूचा बिशप. हडकुळा, सज्जन माणूस. गरिबाच्या घरात गुपचूप मोहरा टाकायचा आणि नाव कळायच्या आत पसार, अशी आख्यायिका. पुढं डचांनी त्याला घोड्यावर बसवला. अमेरिकेनं घोडा काढून हरणं जुंपली, चित्रकारांनी पोट वाढवलं, आणि थंड पेयाच्या जाहिरातवाल्यांनी तो लालभडक गोळा घरोघर पोचवला. म्हणजे जो माणूस नाव लपवायचा, तो आज दुकानाच्या पाटीवर दात काढून उभा. याला उत्क्रांती म्हणतात का अधोगती? निम्मा स्टाफ मोबाईलमध्ये होता. मॅडमनी जांभई हातानं झाकली. विद्वत्तेपुढं माणसं थकतात, हे मी आधीही पाहिलंय.

घरी आलो तर समृद्धी विचारते, पप्पा, सांता समद्यांकडं येतो, आपल्याकडंच का न्हाई येत? माझी पोटची पोरगी! सीनियर केजी! घरातच सुरुंग.

संकल्प: चोवीसच्या आत तिच्या डोक्यातून तो ढेरपोट्या गेला पाहिजे. बाकीचं जग नंतर सुधारू.

२ डिसेंबर

चालणं नाही. गुडघा.

कारेगावला गेलो होतो. लाल बुवा जिकडंतिकडं. सलूनच्या दारात उभा केलाय. ज्यानं जन्मात दाढी केली नाही, तो दाढीची ऑफर सांगतो. जिमच्या बोर्डावर दंड फुगवलेत, पोट मात्र तसंच. परवा चौफुल्याला ढाब्यावर पाहिला, हातात चुलीवरच्या मटणाची थाळी. एका भावी जिल्हा परिषद सदस्यानं तर फ्लेक्सवर स्वतःलाच लाल टोपी घालून घेतलीय. जनतेला घालायच्या आधी स्वतःला घातली, एवढाच काय तो प्रामाणिकपणा.

४ डिसेंबर, सकाळी

सुचलं! गाडीवर सुचलं. समृद्धी पुढं टाकीवर बसलेली, तिचं सांतापुराण चालूच. माझ्या तोंडातून आपसूक निघालं की सांता गेला खड्ड्यात, आपल्याकडं शिवारआबा येतात. संस्कृती रक्तात असावी लागते, ती अशी ऐनवेळी वर येते.

शिवारआबा. राहणार वडगाव रासाई, नदीकाठी. काळेसावळे, काटक. मिशी झुपकेदार, दाढी नाही म्हणजे नाही. धोतर, बंडी, पांढरा पटका, खांद्यावर काळं घोंगडं. हुरडा तयार झाला की बैलगाडी जुंपून निघतात आणि गावोगाव पोरांना गूळ-शेंगा, बोरं वाटतात. मोबाईल नाही, जाहिरात नाही.

शाळा येईपर्यंत पोरीनं शंका काढल्या. आबा जेवत्यात काय? म्हटलं, भाकरी आणि ठेचा. कोण देतं? ज्याच्या दारात जातील तो. आन् न्हाई दिली तर? म्हटलं, उपाशी राहतात, पण मागत नाहीत. हे शेवटचं मी जरा दाबून सांगितलं. पात्राला उंची येते.

५ डिसेंबर

मॅडमना प्रस्ताव दिला. सांता रद्द, शिवारआबा चालू. भूमिका अर्थातच माझी. मॅडम म्हणाल्या, छान हाय सर, करा, फक्त पोरं हसली पाहिजेत. हसली पाहिजेत! म्हणजे संस्कारांचं काही नाही, नुसती बत्तिशी दिसली पाहिजे.

८ डिसेंबर

संस्थेचे अध्यक्ष हौशीराम आप्पा. कांद्याचे व्यापारी. त्यांच्याकडं बैलजोडी मागायला गेलो. आप्पा म्हणाले, बैलं हायेत की सर, पर ती घाटातल्या शर्यतीची. त्यांला परक्याचा कासराबी चालत न्हाई, आन् तुम्ही पोरं बसवणार व्हय? त्यापरीस माझा पिकअप न्या. कांदा उतरला की झाडून देतो.

घेतला. आबा पिकअपमधून आले तर काही बिघडत नाही. बैलगाडी हे साधन आहे, तत्त्व नाही.

११ डिसेंबर

विजय! समृद्धीच्या बाईंनी बोलावून घेतलं. पोरगी वर्गात भांडली. सगळी म्हणे सांता येणार, ही एकटी म्हणे सांता खोटा, शिवारआबा येणार. एकाला चिमटासुद्धा काढला. मी वरवर रागावलो, आतून धन्य झालो. संकल्प दहा दिवसांत पुरा. पण एकट्या पोरीवर थांबणं म्हणजे स्वार्थ झाला. आता तालुका. पेपरात फोटो आला तर जिल्हा.

गाडीवर नियमही करून टाकला की सांतानं कधी काही दिलं तर घ्यायचं नाही. समृद्धी लगेच हो म्हणाली.

बायकोची, शितलची तक्रार: पोरगी डब्यातली चतकोर भाकरी रोज माघारी आणते. मी म्हणालो, चॉकलेट संस्कृतीचा परिणाम. शितल म्हणाली, अहो, तिलाच इचारा की एकदा, का ठेवते त्ये. विचारणार होतो. फ्लेक्सच्या मजकुरात राहून गेलं.

१४ डिसेंबर, रविवार

आजच्या प्रसंगाची इतिहासात नोंद नको, पण रोजनिशी खोटी लिहिणार नाही.

कारेगावात प्रायोगिक फेरी ठेवली होती. कंपनीतल्या कामगारांची पोरं तिथं भरपूर. सिद्दीकभाईंच्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये वेश केला. धोतर, घोंगडं, कोळशानं मिशी, पाठीवर शेंगांचं पोतं. गल्लीत शिरलो, एका पोराला शेंगा धरल्या आणि प्रेमानं म्हणालो, ये बाळा. बाळानं बोंब ठोकली. चार बायका बाहेर आल्या, मग त्यांचे नवरे. एकजण विचारतो, बोरी में क्या है? मी म्हणालो, संस्कृती. माझं हिंदी कमी पडलं असावं. पोतं ओतून पाहिलं त्यांनी. पोरं पळवणारा आलाय म्हणून कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटोही टाकला. धोतर निम्मं सुटलेलं होतं, ते फोटोत आलंय.

सिद्दीकभाई पळत आले. म्हणाले, अरे सोडा, ये हमारे सर है, न्हावऱ्याच्या शाळंतले. मग सोडलं. सिद्दीकभाई वाटेत हसत होते. मी खोकला समजून दुर्लक्ष केलं.

अज्ञानी समाज. उद्या अंग दुखणार.

१५ डिसेंबर

मॅडमच्या मोबाईलवर फोटो पोचलाय. त्यांनी शांतपणे सुचवलं, सर, पांढरी दाढी लावली तर चेहरा जरा मायाळू दिसंल. विचार केला. ऋषिमुनींना दाढी होतीच. दाढी काही त्याच्या बापाची नाही. मंजूर.

१७ डिसेंबर

घोंगडं बाद. एक, खाजतं. दोन, फोटोग्राफर म्हणतो काळ्यात माणूस दिसत नाही, नुसती दाढी हवेत तरंगते. सिद्दीकभाईंकडं लग्नातल्या सोफ्याची मखमल उरलीय. लाल. मी म्हणालो, दुसरा रंग? ते म्हणाले, सर, लग्नात लालच चालतो, हिरवी मागच्या पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली.

लाल तर लाल. कुंकू लाल, गुलाल लाल, आपल्या मिरच्या लाल. त्यानं आपल्याकडूनच घेतला असेल. मखमलीच्या अंगरख्याला काठानं कापूस लावलाय, उसवलेलं झाकायला. त्याचा कशाशी काही संबंध नाही.

१९ डिसेंबर

गूळ-शेंगा रद्द. पालकांचा ग्रुप पेटला. कुणाच्या पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणाचा युनिफॉर्म चिकट होणार. यांच्या आज्या शेंगा खाऊनच मोठ्या झाल्या, पण बोलायची सोय नाही. एका केकवाल्यानं फुकट चॉकलेटं देऊ केली. अट एकच, पिकअपवर त्याचा बोर्ड. मी अर्धा तास तात्त्विक विरोध केला. मग त्यानं चव बघायला एक दिलं.

ठीक आहे. गोडाची कल्पना कायम आहे, आकार बदललाय.

२१ डिसेंबर, रविवार

पिकअपवर उभं राहून ट्रायल. पटका वाऱ्यानं सुटला आणि थेट उसात गेला. सिद्दीकभाईंनी टोपी आणली. लाल, टोकाला गोंडा. आधी मनाला लागलं. मग आठवलं, आपल्या बाळांच्या कुंचीलाही गोंडा असतोच! म्हणजे ही आपलीच. उलट आज आपण ती परत मिळवली.

पिकअप बैलासारखा दिसावा म्हणून बोनेटला शिंगं सांगितली होती. त्यांच्याकडं गॅदरिंगमधली हरणाची पडून होती, तीच बांधली. लांबून कोणाला काय कळतंय.

अंगरखा ढगळ होतो. पोटाला उशी.

२३ डिसेंबर

घरी सगळा वेश घालून पाहिला. समृद्धी मामाकडं गेली होती, बरं झालं. शितलनं बघितलं आणि पायरीवरच बसली. किती वेळ हसावं माणसानं? डोळे पुसत म्हणाली, अहो, ह्यो तर त्योच हाय की! मी शांतपणे समजावलं की वरवर पाहणाऱ्याला तसं वाटेल. आतला माणूस शिवारआबाच आहे. ती म्हणाली, मग पोरीला काय सांगायचं? ती रोज वाट बघती. मी म्हणालो, श्रद्धा कपड्यावर नसते. समृद्धी मला बरोबर ओळखणार, आबा म्हणून.

त्या लाल बुवाच्या अधोगतीवर पंधरा मिनिटांचं भाषण तयार आहे. वेशातच करणार.

२४ डिसेंबर, दुपार

पिकअप गेटातून आत घेतला. डीजेवाल्याकडं डिसेंबरचं एकच गाणं, ते वाजलं. अख्खं मैदान ओरडलं, सांता! मी ओरडलो, शिवारआबा! पण दाढीचा कापूस तोंडात गेला. स्टेजवर माझ्या मजकुराचा नाही, आप्पांचाच फ्लेक्स: सांताक्लॉज यांचे हार्दिक स्वागत, शुभेच्छुक हौशीराम आप्पा मित्रमंडळ. आप्पांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, आणि माइकवर म्हणाले, सांतासाहेब लांबनं आलेत, टाळ्या वाजवा. भाषणाची चिठ्ठी अंगरख्याच्या आत, अंगरख्यावर पट्टा, पट्ट्याखाली उशी. निघाली नाही. चॉकलेटं वाटत सुटलो. पोरं हसत होती. मॅडमनी लांबून अंगठा दाखवला.

समृद्धी रांगेत नव्हती. बघतो तर गेटाशी एकटी उभी, तोंड वडगावच्या रस्त्याकडं. मी गेलो. म्हटलं, आता ओळखेल. तिनं वर पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकली. मी चॉकलेट धरलं. तिनं हात पाठीमागं नेले. म्हणाली, नको, पप्पा म्हणत्यात सांताकडनं काय घ्यायचं न्हाई.

खाली बसावं, दाढी काढावी, असं वाटलं. पण सगळी शाळा बघत होती आणि दाढी डिंकानं चिकटवलेली.

मग तिनं दप्तरातून डबा काढला. तुम्ही वाटंत शिवारआबा बघितले का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, लांबनं येत असतील, त्यांला भूक लागली असंल, एवढं द्या, त्ये मागत न्हाईत. चतकोर भाकरी आणि ठेचा. रोज त्यांच्यासाठी ठेवत होती, आणि आबा आले नाहीत म्हणून रोज माघारी नेत होती.

मी घेतली. आणि हो हो हो म्हणालो.

२४ डिसेंबर, संध्याकाळ

गोडाऊनमध्ये वेश उतरवला. हनुवटीचं कातडं सोललं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पिकअपच्या फाळक्यावर बसून भाकरी खाल्ली. वाळली होती. ठेचा चांगला होता.

गाडीवरून येताना समृद्धी टाकीवर. ओढा ओलांडल्यावर तिनं विचारलं, पप्पा, सांता आबांना भाकरी देईल ना?

मी म्हणालो, त्या माणसाचा काही भरवसा नाही.