पाचवा दिवस नसलेले महिने

९ डिसेंबर १९६६, सातारा

अक्काकडे येऊन बारा दिवस झाले. टाके सुकले. शिंक आली की अजून उशी पोटाशी धरावी लागते. सांगलीला पिशवी काढली त्याला आज तेवीस दिवस. दोन वर्षं अंगावरून जात होतं. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मागून पोरांना काही दिसेल याची धास्ती असायची. ते संपलं. बरं वाटतं, खरंच. तरी काल अक्का "सुटलीस बाई" म्हणाली तेव्हा राग आला. कशातून सुटले ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१७ डिसें.

आज विचारलं. अक्का तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आता नवऱ्याची कटकट न्हाई. पिशवीसंगं ते बी जातं."

जातं तर मग दुपारी झोपेत हे कसे आले? पलटणीतून सुट्टीवर यायचे तसे, खांद्यावर ट्रंक घेऊन. जागी झाले तर अंग कढत. थर्मामीटर लावून पाहिला, ताप नव्हता. अक्काला काय सांगणार.

८ जानेवारी १९६७, आष्टा

घरी आले. तिसरीचा वर्ग परत घेतला. पोरांनी अडीचकीच्या पाढ्याचा पार बट्ट्याबोळ केला आहे.

हे स्टँडवर आले होते. घरात मला घागर उचलू देत नाहीत. पाणी स्वतः ओढतात, गल्लीतल्या बाया बघतात तरी. हवालदारकी सोडून दोन वर्षं झाली, पण काम अजून परेडीसारखंच. सगळं प्रेमानं चाललंय. फक्त वळकटी बाहेरच्या सोप्यात नेऊन टाकली आहे. "गुऱ्हाळ चालू हाय, पाटंचं उठाय लागतं. तुझी झोपमोड नगं." सुट्टीवर यायचे तेव्हाही गुऱ्हाळ होतंच की.

१४ जाने., संक्रांत

सासूबाईंनी आज सगळ्यांसमोर देवाचं माझ्याकडे दिलं. "माझं गुडघं गेलं. आता ही बारमाही मोकळी हाय, हिलाच करू द्या." एरवी चार दिवस मला देव्हाऱ्याकडे फिरकू न देणाऱ्या बाई. मान मिळाला म्हणून आनंद व्हायला हवा. थोडा झालाही. पण आरतीच्या वेळी यांनी तबकाला हात लावून माझ्याकडे पाहिलं ते थोरल्या बहिणीकडे पाहावं तसं. मी पस्तीस वर्षांची आहे.

२८ जाने.

दोन आठवडे हेच डोक्यात घोळतंय, आज उमगलं असं वाटतं.

चार दिवस बाजूला बसायचं. मग पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, शिकेकाई लावून, अंगणात केस सोडून वाळवायचे. यांना तेवढं पुरत असे. बाकी महिन्यात काय होईल ते होईल, पण हे घरी असले की पाचवा दिवस कधी चुकला नाही. लग्नाच्या सतरा वर्षांत या विषयावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. गरजच पडली नाही, केस बोलायचे.

आता चार दिवस नाहीत, म्हणून पाचवाही नाही. यांना कळणार कसं? आणि कळावं असं मला का वाटतंय? पूर्वी कुठं वाटायचं. तेव्हा डोळे मिटून पडायची आणि मनात एकच, पुन्हा दिवस नकोत, पुन्हा दिवस नकोत. तीन बाळंतपणं झाली. जवळ येण्यातलं सुख कुठं असतं ते मला माहीत नव्हतं. नसतंच, असं धरून चालले होते. आता भीती गेली, तर तिच्या जागी हे दुसरं काय येऊन बसलंय?

११ फेब्रुवारी

गुऱ्हाळावर जेवण घेऊन गेले. काहिलीतला रस अजून पातळ होता, माणसं लांब होती. धीर करून विचारलं, "तुमी आत का झोपत न्हाई?"

यांनी चुलवणाच्या जाळात चिपाडं सारली. मग म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, जपा म्हून."

"कवापर्यंत?"

"ते सांगितलं न्हाई. हुकूम उठवत न्हाईत तवर हुकूम असतोय."

हसू आलं. नंतर घरी येताना बांधावर बसून रडले. मला वाटत होतं मी यांना नकोशी झाले.

२५ फेब्रु., सांगली

तपासणी. डॉक्टरांना विचारायला जीभ उचलेना. बाहेर सिस्टर पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या, कर्नाटकाकडच्या, वयस्क. म्हटलं, घरातलं सगळं पहिल्यासारखं चालेल ना? म्हणाल्या, धुणं सावकाश धुवा. मी तशीच उभी राहिले. मग चष्म्यावरून बघितलं त्यांनी.

"ते होय? डॉक्टर सगळ्यांना दीड महिनाच सांगतात की. तीन महिने झाले तुम्हाला."

म्हटलं, आता त्यात काही उरत नाही म्हणतात.

"कोण म्हणतंय? पिशवी पोरासाठी असती. बाकी सगळं जागच्या जागी हाय. कोरडं वाटलं तर खोबरेल लावायचं. दुखलं, रक्त दिसलं, तर लगेच यायचं. कुणाकुणाला तर उलट चांगलं वाटतंय, भ्या जातंय म्हणून."

कान तापले. पण "कुणाकुणाला" हा शब्द एस.टी.त आष्ट्यापर्यंत पुरला. म्हणजे मी एकटी नाही.

२६ फेब्रु.

सांगायचं ठरवून उठले. हे विहिरीवर होते. म्हणाले, "काय म्हणाली सिस्टर?" मी म्हणाले, "घागर उचलायला हरकत नाही म्हणाल्या." म्हणाले, "बरं." आणि घागर स्वतःच उचलून गेले. चाळीस पोरांपुढे घसा फोडणारी बाई मी.

४ मार्च, शनि.

सकाळची शाळा. घरी आल्यावर पाणी तापवलं, शिकेकाई उकळली, डोक्यावरून न्हाले. सासूबाई बाजाराला निघाल्या होत्या, पोरं बरोबर. दारात थबकून म्हणाल्या, "आज काय हाय न्हायाला?" म्हटलं, डोक्यात खडूची धूळ बसलीय.

केस सोडून अंगणात उभी. हे मळ्यातून आले. थांबले. हातातलं खुरपं कुठं ठेवावं ते सुचेना. मी म्हणाले, "हुकूम उठला." एवढंच आलं तोंडातून.

५ मार्च

कालचं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. दुखलं नाही. भीती नव्हती. यांचा हात टाक्यांच्या वणावर आला आणि तिथंच थांबला. मी तो सरकवला, मीच. आणि मग ते झालं. त्याला नाव माहीत नाही. सतरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. मला रडू फुटलं, आवरेना.

हे एकदम दूर झाले. तोंड पांढरंफटक. "दुखलं का गं?" मी मान हलवली, पण हुंदक्यात ती कुठल्या बाजूला हलली देव जाणे. सदरा चढवून बाहेर गेले.

१० मार्च

वळकटी पुन्हा सोप्यात. जेवताना नजर देत नाहीत. मी तरी कुठं देते. सांगावं तर काय? सुख झालं म्हणून रडले? असं बोलणाऱ्या बाईला हे काय म्हणतील? आणि आधी का नाही झालं, असं विचारलं तर? देवाची घंटा वाजवताना मनात हेच असतं. पाप आहे का, तेही कळत नाही.

१२ मार्च, रवि.

सकाळी बूट पुसत बसले होते. विचारलं, कुठं? "उद्या सांगलीला जातो. सिस्टरलाच इचारतो, काय बिघडलं म्हून. माझ्या हातनं झालंय."

डोळ्यांसमोर आलं, हा माणूस बायकांच्या वॉर्डात टोपी हातात घेऊन उभा आहे आणि आपला गुन्हा कबूल करतो आहे. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

धाकट्याची पाटी घेतली. लिहिलं, "दुखलं नाही." वाक्य बरोबर, पण पुरं नाही. खाली दुसरं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

मग पाणी ठेवलं. शिकेकाईचा वास सुटल्यावर हे न्हाणीपाशी आले. "आठ दिवसांत दुसऱ्यांदा? आज काय हाय?"

म्हटलं, "बसा. सांगते."

"शिकेकाई गाळून येते," असं म्हणून आत आले आणि हे लिहिते आहे. ते पायरीवर बसलेत. एक बूट पुसलेला, दुसरा हातात.