अण्णांनी फुकटचा पाव सोडला

रविवार, दुपारी चार

आत्ताच क्रांती चौकातल्या हॉटेलातून जेवून आलो सगळे. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, वाढदिवस होता. सूपच्या आधी वेटरनं टोपलीभर गरम पाव आणून ठेवले, फुकट. अण्णा फुकटचं कधी सोडत नाहीत. कांदा-लिंबू तीनदा मागवतात, निघताना बडीशेप कागदात बांधून घेतात. आणि आज त्यांनी पावाचा एक घास खाल्ला नि उरलेला बाजूला सारला. म्हणाले, "आपल्या मीनलच्या पावाची सर नाय ह्याला."

मीनल माझी धाकटी जाऊ. दिवाळीत ओव्हन घेतला, तेव्हापासून दर शनिवारी घरीच पाव भाजते. वर लाजून म्हणते कशी, "काहीतरीच काय, अण्णा!" एवढं लाजायचं काय त्यात?

चौदा वर्षं मी ह्या घरात भाकरी थापतेय. टम्म फुगते. अण्णा दोन खातात, हात धुतात, उठतात. बरी नाही, वाईट नाही, काही नाही. आणि तिच्यासाठी फुकटचा पाव सोडला! अण्णांनी!

निघताना टोपलीतला एक पाव मी गुपचूप पर्समध्ये टाकला. म्हटलं, असा काय लई फरक असतो, बघू तरी. आत्ता ओट्याशी उभी राहून दोन्ही खाऊन बघितले, हॉटेलातला आणि डब्यातला मीनलचा कालचा. मीनलचा कधी संपला, कळलंच नाही.

हॉटेलातला अर्धा अजून तसाच पडलाय ओट्यावर.